इन्व्हिक्टस गेम्सच्या तयारीला लागताना : जखमी सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी

लष्करी सेवेत जखमी झालेले, अपघातात सापडलेले किंवा गंभीर आजाराने ग्रासलेले सैनिक आणि माजी सैनिक यांच्यासाठी भरणारी इन्व्हिक्टस गेम्स ही आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तिची छायाचित्रे आणि चित्रफिती पाहून अनेकांना आपणही मैदानात उतरावे असे वाटते. पण सुरुवात कुठून करायची, कोणाला विचारायचे आणि शरीराला ते झेपेल का, हे प्रश्न पुढे येतात व गोष्ट तिथेच थांबते. नव्याने या वाटेला लागणाऱ्याने कोणती पावले कोणत्या क्रमाने टाकावीत, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ जण निवडचाचणीच्या अर्जापासून सुरुवात करतात आणि मग घाईघाईने शरीराला त्या तारखेसाठी तयार करू पाहतात. माझे ठाम मत असे आहे की हा क्रम उलटा हवा. आधी वैद्यकीय तपासणी, मग खेळांची ओळख, मग नियमित सरावाची सवय, आणि ही सवय टिकते आहे असे दिसल्यावर निवडीचा विचार. निवड झाली नाही तरी वाया जाणार नाही अशी तयारी केवळ याच क्रमाने होते.

स्पर्धेचे स्वरूप आधी समजून घ्या

जखमी सैनिकांना खेळाच्या मदतीने पुन्हा उभे करण्याची कल्पना बरीच जुनी आहे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या १६ सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक त्यात उतरले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिंपिकचा उगम तिथलाच. अमेरिकेत २०१० पासून जखमी सैनिकांसाठी वॉरियर गेम्स भरू लागले. २०१३ मध्ये कोलोरॅडोतील ती स्पर्धा पाहून ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांनी तिला आंतरराष्ट्रीय रूप देण्याचे मनावर घेतले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक पार्कमध्ये १३ देशांचे चारशेहून अधिक खेळाडू एकत्र आले. त्यानंतर ऑरलँडो (२०१६), टोरांटो (२०१७), सिडनी (२०१८), द हेग (२०२० ची स्पर्धा करोनामुळे २०२२ मध्ये) आणि ड्युसेलडॉर्फ (२०२३) येथे ही स्पर्धा झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हँकूव्हर आणि व्हिसलर येथे तिच्यात प्रथमच हिवाळी खेळ आले. पुढची स्पर्धा जुलै २०२७ मध्ये बर्मिंगहॅमला ठरली आहे.

पॅरालिंपिक आणि ही स्पर्धा यांत गल्लत करू नये. पॅरालिंपिकमध्ये जगातील सर्वोत्तम कामगिरी करणारा खेळाडू शोधला जातो. इथे शर्यत खरी असते, पदकेही खरी असतात, पण स्पर्धेचा हेतू पुनर्वसनाचा आहे. त्यामुळे वर्षभरापूर्वी अंथरुणावर असलेला माणूस आणि अनेक वर्षे पोहणारा माणूस एकाच तलावात दिसू शकतात, आणि शेवटी येणाऱ्यासाठी प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत थांबतात. हा फरक ध्यानात आला की 'आपण तेवढे चांगले खेळाडू नाही' ही शंका बऱ्याच अंशी दूर होते.

आपण पात्र आहात का, हे योग्य ठिकाणी विचारा

कोणालाही आयोजकांकडे थेट वैयक्तिक अर्ज करून या स्पर्धेत उतरता येत नाही. इन्व्हिक्टस गेम्स फाउंडेशन देशांना निमंत्रण देते आणि प्रत्येक सहभागी देश आपला संघ आपल्या पद्धतीने निवडतो. म्हणून पहिली चौकशी आपल्या देशाचे संरक्षण खाते किंवा संघाची जबाबदारी असलेली संस्था यांच्याकडेच करावी. कॅनडात हे काम सशस्त्र दलांचा 'सोल्जर ऑन' हा उपक्रम पाहतो, ब्रिटनमध्ये रॉयल ब्रिटिश लीजन आणि संरक्षण मंत्रालय यांचा त्यात मोठा वाटा आहे, ऑस्ट्रेलियात इन्व्हिक्टस ऑस्ट्रेलिया ही संस्था आहे, तर जर्मनीत वारेनडॉर्फ येथील लष्करी क्रीडा विद्यालयात जखमी सैनिकांसाठी क्रीडोपचार चालतात. आपला देश अजून सहभागी नसेल, तरी पुढच्या पायऱ्यांपैकी बहुतेक जशाच्या तशा उपयोगी पडतील, कारण सराव कोणत्याही निमंत्रणासाठी थांबत नाही.

पात्रतेबद्दलचा एक गैरसमज फार लोकांना मागे खेचतो. इजा रणांगणावरच झालेली असली पाहिजे आणि ती डोळ्यांना दिसली पाहिजे, असे मुळीच नाही. प्रशिक्षणातील अपघात, कर्करोगासारखा आजार, मेंदूला बसलेला मार, दीर्घकाळ टिकलेली वेदना, युद्धानुभवानंतरचा मानसिक आघात म्हणजे ज्याला सगळे पीटीएसडी म्हणतात तो, हे सर्व यात येते. हातपाय शाबूत असलेल्या अनेकांना वाटते की आपण गेलो तर पाय गमावलेल्या एखाद्याची जागा अडवू. हा विचार मनातून काढून टाकावा. संघ निवडणारे लोक दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या जखमा ओळखतात, आणि दुसऱ्या प्रकारची जखम घेऊन घरात बसलेल्या माणसाला संघाची गरज तेवढीच असते.

चौकशी करताना सेवेचा दाखला, इजा किंवा आजाराची वैद्यकीय कागदपत्रे आणि सध्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र एका फाइलमध्ये जमवून ठेवावे. नियम प्रत्येक देशात वेगळे असतात आणि दर स्पर्धेगणिक बदलतात, त्यामुळे मागच्या वेळी गेलेल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नये.

सरावाआधी डॉक्टर

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ थांबणार आहे, कारण उत्साही माणूस नेमकी हीच पायरी गाळतो. 'मी सैनिक आहे, मला दुखणे सहन होते' हा स्वभाव सेवेत उपयोगी असतो. पुनर्वसनात मात्र तो घातक ठरू शकतो.

पाय किंवा हात गमावलेल्यांनी उरलेल्या अवयवाच्या कातडीकडे रोज लक्ष द्यावे. घाम, घर्षण आणि कृत्रिम अवयवाच्या खोबणीचा दाब यांमुळे आधी लाली, मग फोड आणि मग जखम होते, आणि ती जखम भरेपर्यंत कृत्रिम पाय लावता येत नाही. सरावानंतर आरशात खालची बाजू पाहणे, दहा मिनिटांत लाली उतरते का ते तपासणे आणि आतले अस्तर रोज धुणे या सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात. दिवसभरात उरलेल्या पायाचा घेर कमी-जास्त होतो, म्हणून जादा मोजे जवळ ठेवून बसवणी सैल वाटताच एखादा वाढवावा. स्फोटात अवयव गेलेल्यांपैकी अनेकांमध्ये मऊ ऊतींत नको तिथे हाड वाढते. नव्या ठिकाणी टोचल्यासारखे दुखू लागले, तर ते सरावाचे दुखणे समजून सोडून देऊ नये.

मणक्याला इजा झालेल्यांसाठी इशारा अधिक गंभीर आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर मूत्राशय भरणे, लघवीची नळी मुडपणे, पट्टा फार आवळला जाणे अशा साध्या कारणानेही रक्तदाब अचानक आणि धोकादायक वाढू शकतो. ठणकणारी डोकेदुखी, इजेच्या वरच्या भागात घाम आणि चेहऱ्यावर लाली ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी माणसाला ताठ बसवावे, पट्टे सैल करावेत, लघवीची नळी तपासावी आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवावी. आपल्या प्रशिक्षकाला आणि संघातल्या निदान दोघांना हे आधीच शिकवून ठेवावे. अशा इजेत शरीराचे तापमान आवरण्याची क्षमताही कमी झालेली असते, म्हणून उन्हात किंवा कोंदट सभागृहात पाण्याचा फवारा आणि सावली यांची सोय आधी पाहावी.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे खांदे हेच त्यांचे पाय असतात. रोजचे ढकलणे, अंथरुणातून खुर्चीत सरकणे आणि त्यावर खेळाचा ताण, असे सगळे एकाच सांध्यावर येते. म्हणून पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम, म्हणजे ओढण्याचे व्यायाम, ढकलण्याच्या व्यायामांइतकेच किंवा त्याहून जास्त करावेत. मेंदूला मार बसलेल्यांनी प्रखर दिवे, गोंगाट आणि झटकन मान वळवणे यांनी त्रास वाढतो का, ते आधी छोट्या सरावात पाहावे.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवणे हा याच पायरीचा भाग आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार अस्वस्थतेसाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे तिरंदाजीत निषिद्ध आहेत, आणि मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामके व २०२४ पासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत. आपण उतरणार त्या स्पर्धेला हे नियम कितपत लागू आहेत आणि उपचारासाठी सवलत कशी मिळवायची, हे संघाच्या डॉक्टरांना महिनोन्महिने आधी विचारावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. कोणत्याही पदकापेक्षा चालू उपचार महत्त्वाचा आहे.

तब्येतीचा अंदाज चुकू शकतो याचे ठळक उदाहरण अमेरिकी लष्करातील एलिझाबेथ मार्क्स यांचे आहे. पहिल्या इन्व्हिक्टस गेम्ससाठी २०१४ मध्ये त्या लंडनला पोहोचल्या आणि श्वसनाच्या गंभीर आजाराने कोसळल्या. केंब्रिजशायरमधील पॅपवर्थ रुग्णालयात कृत्रिम फुप्फुसाच्या यंत्रावर ठेवून त्यांचा जीव वाचवण्यात आला. २०१६ मध्ये ऑरलँडोत त्यांनी पोहण्यात चार सुवर्णपदके मिळवली आणि त्यांतले एक त्या रुग्णालयाला पोहोचवण्याची विनंती राजपुत्र हॅरी यांना केली. त्या दोन वर्षांत त्यांनी आधी शरीर सावरले आणि मग वेग वाढवला, हे नवख्याने विशेष लक्षात घ्यावे.

खेळ निवडण्याआधी अनेक खेळ करून पाहा

नवखा माणूस बहुधा पूर्वी खेळत होता तोच खेळ मागतो. ते स्वाभाविक आहे, पण त्यात एक दुःख दडलेले असते, कारण जुना वेग आणि जुने शरीर यांच्याशी रोज तुलना होत राहते. म्हणून निदान एक खेळ असा निवडावा जो आपण आधी कधीच खेळलेला नाही. तिथे तुलनेला काही नसते आणि प्रगती पहिल्या महिन्यापासून दिसते.

सुरुवातीला मी इनडोअर रोइंग, म्हणजे यंत्रावरचे वल्हवणे, सुचवतो. बंदिस्त जागेतले यंत्र, हवामानाची चिंता नाही, पडण्याची भीती नाही, पाय हलत नसतील तर स्थिर आसनावर बसून केवळ हात आणि धडाने ओढता येते. या स्पर्धेत त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : एक मिनिटाची वेगवान शर्यत आणि चार मिनिटांची दमाची शर्यत. ठरलेल्या वेळात किती अंतर कापले ते पडद्यावर दिसते, त्यामुळे स्वतःची प्रगती कोणाच्याही मदतीवाचून मोजता येते.

बैठे व्हॉलीबॉल हा माझ्या मते या स्पर्धेतला सर्वांत मोकळ्या मनाचा खेळ आहे. मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असते, पॅरालिंपिकमध्ये पुरुषांसाठी जाळ्याची उंची १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर ठेवतात, आणि चेंडूला हात लावताना बैठकीचा भाग जमिनीला टेकलेला असावा लागतो. ज्यांना उत्तम चालता येते तेही इथे जमिनीवर बसतात, आणि कृत्रिम पाय कडेला काढून ठेवलेला खेळाडू हातांच्या जोरावर सरकण्यात त्यांच्यापेक्षा सरस ठरतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच मांडी आणि मनगट दुखते. चेंडूआधी केवळ सरकण्याचा सराव केला तर पुढचे सोपे जाते.

व्हीलचेअर रग्बी हा धडकांचा खेळ आहे. बाजूला चार-चार खेळाडू, बास्केटबॉलचे मैदान, व्हॉलीबॉलसारखा गोल चेंडू. चेंडू घेतलेल्याने दर दहा सेकंदांच्या आत तो आपटला किंवा दुसऱ्याकडे दिला पाहिजे, आणि दोन्ही चाके गोलरेषेपार गेली की गोल. हा खेळ १९७० च्या दशकात कॅनडातील विनिपेगमध्ये, हातांतही शक्ती कमी असलेल्या खेळाडूंसाठी जन्मला. मेंदूला मार बसलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय यात उतरू नये. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये टोपली उभ्या खेळाइतकीच, ३.०५ मीटर उंचीवर असते, त्यामुळे बसून नेम साधायला खांद्याची ताकद आणि चिकाटी दोन्ही लागतात.

पाण्याची भीती नसेल तर पोहणे सांध्यांना सर्वांत सौम्य आहे, आणि उडी मारता येत नसेल तर पाण्यातूनच सुरुवात करता येते. तिरंदाजी मनाने अस्वस्थ असलेल्या पुष्कळांना आवडते, कारण श्वास स्थिर केल्याशिवाय बाण सुटत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये बाकावर आडवे होऊन छातीवरून दांडी उचलतात. ती छातीशी क्षणभर स्थिर ठेवून मगच वर न्यायची असते, म्हणून वजन वाढवण्याआधी ही स्थिरता शिकावी. सायकलींगमध्ये साधी सायकल, मागे रेलून चालवायची तीनचाकी आणि हातांनी फिरवायची हँडबाइक असे पर्याय आहेत. मैदानी शर्यतींत दृष्टिहीन धावपटू मार्गदर्शकासोबत एक छोटी दोरी धरून धावतात. ड्युसेलडॉर्फला टेबल टेनिस प्रथमच आले. बर्फावरचे खेळ, म्हणजे स्कीइंग, बायॅथलॉन (स्कीइंग आणि नेमबाजी), स्केलेटन (छोट्या घसरगाडीवर पालथे पडून बर्फाच्या मार्गावरून घसरणे), व्हीलचेअर कर्लिंग (बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ), व्हँकूव्हर-व्हिसलरला झाले, पण दर वेळी असतीलच असे नाही. आयोजक शहरानुसार खेळांची यादी बदलते, हे मनात ठेवून एकाच खेळावर सगळी भिस्त ठेवू नये.

गटवारी घाबरवणारी नाही

समान क्षमतेचे खेळाडू एकमेकांशी स्पर्धा करोत, यासाठी इजेच्या परिणामानुसार गट पाडले जातात. पॅरालिंपिकमधली गटवारी फार बारीक असते. इन्व्हिक्टसमध्ये ती तुलनेने सुटसुटीत ठेवली आहे. तपासनीस आपले निदान काय आहे यापेक्षा त्या खेळात आपल्याला प्रत्यक्ष काय करता येते हे पाहतात. तपासणीच्या वेळी नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी करून दाखवू नये. चांगला दिवस आणि वाईट दिवस यांत फरक पडत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे आणि डॉक्टरांच्या पत्रातही लिहून घ्यावे. चुकीच्या गटात पडलो असे वाटले तर दाद कशी मागायची हे संघाच्या व्यवस्थापकांना विचारावे. सामन्याच्या दिवशी वाद घालून उपयोग होत नाही.

साधने : आधी उसनी, मग स्वतःची

खेळाची व्हीलचेअर रोजच्या खुर्चीपेक्षा वेगळी असते. तिची चाके वरून आत आणि खालून बाहेर झुकलेली असतात, त्यामुळे ती चटकन वळते आणि सहसा कलंडत नाही. मागे उलटू नये म्हणून छोटे चाक असते, आणि कमर, मांड्या व पाय पट्ट्यांनी खुर्चीशी बांधले जातात. रग्बीच्या खुर्चीला धडक सोसणारा कठीण सांगाडा असतो. धावण्याची खुर्ची लांबट आणि तीनचाकी असते. अशी खुर्ची बसणाऱ्याच्या मापानेच बनते, आणि ती महाग असते. म्हणून पहिले काही महिने क्लब, पुनर्वसन केंद्र किंवा संघाच्या शिबिरातली खुर्ची उसनी घ्यावी. कोणता खेळ आपल्याला धरून ठेवतो ते कळल्यावरच माप द्यावे. धावण्यासाठी कृत्रिम पायाला लावायच्या वक्र कार्बन पात्यालाही हेच लागू आहे. त्याचा कडकपणा वजनानुसार ठरतो आणि त्यासाठी खोबणीही बहुधा वेगळी बनवावी लागते, म्हणून कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तंत्रज्ञाला सरावाच्या जागी एकदा तरी बोलावावे. टेबलावर मोजलेले माप आणि धावताना लागणारे माप यांत फरक पडतो.

संवेदना नसलेल्या भागाखालची गादी ही सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे झुकून दाब हलका करायची सवय सरावातही मोडू देऊ नये.

आठवड्याचा क्रम बसवा

पहिले दोन महिने आठवड्यातून दोन दिवस खेळाचा सराव आणि दोन दिवस हलका ताकदीचा व्यायाम पुरेसा आहे. सरावात बोलता येईल इतपतच दम लागावा. वेळ, वेग आणि वजन यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, म्हणजे काही बिघडले तर कशामुळे बिघडले ते कळते. वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : काय केले, किती दुखले, किती झोप झाली आणि मन कसे होते. ही वही पुढे प्रशिक्षकाला, डॉक्टरांना आणि निवड करणाऱ्यांनाही उपयोगी पडते. एखादा आठवडा वेदनेमुळे किंवा वाईट स्वप्नांमुळे पूर्ण गेला, तर बुडालेला सराव भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. आधीच्या आठवड्याच्या निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

शक्य असेल तर एकट्याने सराव करू नये. सेवा सुटल्यावर अनेकांना सर्वांत जास्त उणीव भासते ती आपल्या तुकडीची, आणि संघासोबतच्या सरावात ती काही प्रमाणात भरून निघते. फोन न उचलणारा माणूस चेंडूसाठी येतो, असा अनुभव पुनर्वसनाच्या क्षेत्रातले अनेक जण सांगतात.

मनाची बाजू आणि घरची माणसे

स्पर्धेच्या ठिकाणी गर्दी असते, मोठ्या आवाजात संगीत वाजते, शर्यत सुरू करणारा आवाज दचकवणारा असू शकतो, उद्घाटनाला प्रखर दिवे असतात. मानसिक आघातातून सावरणाऱ्याने हे सगळे पहिल्यांदा थेट स्पर्धेतच अनुभवू नये. आधी एखाद्या छोट्या स्थानिक सामन्याला प्रेक्षक म्हणून जावे, मग खेळाडू म्हणून. शर्यतीची सूचना कशी दिली जाईल, शांत खोली कुठे आहे, समुपदेशक कोण आहेत, हे संघाला आधीच विचारावे. मनावर ताण येऊ लागल्याची आपली खूण, उदाहरणार्थ बोलणे अचानक तुटक होणे किंवा घाम फुटणे, एका सहकाऱ्याला सांगून ठेवावी, म्हणजे त्या वेळी समजावून सांगण्याचे ओझे आपल्यावर पडत नाही.

या स्पर्धेत कुटुंबीय आणि मित्रांना मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. जखमी सैनिकाला अंघोळ घालणारी, रात्री जागणारी, रागाचे झटके सोसणारी पत्नी, नवरा, आई किंवा भाऊ हेही त्या इजेतून गेलेले असतात. त्यांना नुसते टाळ्या वाजवायला न नेता तयारीत सामील करून घ्यावे. औषधांची यादी, सरावाची वही, निवडीची शक्यता आणि निवड न होण्याची शक्यता या सर्वांबद्दल घरात आधीच बोलावे. मदत करणाऱ्याने मात्र खेळाडूच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. खुर्ची ढकलण्याआधी विचारावे, पडल्यावर लगेच धावू नये. उठता येते का ते त्याला पाहू द्यावे.

२०२२ मध्ये घरच्या माणसाने खेळाडूची जागा घेतल्याचा एक प्रसंग घडला. युक्रेनच्या संघात निवड झालेल्या युलिया पाएव्स्का या स्वयंसेवी वैद्यकीय सेविका मारिउपोलमध्ये पकडल्या जाऊन रशियन सैन्याच्या कैदेत होत्या, तेव्हा द हेग येथे तिरंदाजीत त्यांच्या जागी त्यांची मुलगी उभी राहिली. जूनमध्ये पाएव्स्का सुटल्या आणि पुढच्या वर्षी ड्युसेलडॉर्फला स्वतः खेळल्या.

निवडचाचणी

इतके सगळे अंगवळणी पडल्यावर अर्ज करावा. ब्रिटनच्या संघाने जाहीरपणे सांगितलेला निकष इथे मार्गदर्शक आहे : स्पर्धेमुळे त्या व्यक्तीच्या सावरण्याला किती मदत होईल हे, आणि त्यासोबत कामगिरी व सरावातील सातत्य. म्हणून अर्जात पूर्वीच्या पराक्रमांची यादी देण्यापेक्षा आजची स्थिती, केलेला सराव आणि या अनुभवातून आपल्याला काय हवे आहे ते साध्या शब्दांत लिहावे. 'मला पुन्हा लोकांमध्ये मिसळता यायला हवे' हे वाक्य 'मला सुवर्णपदक हवे' याहून दुबळे नाही. दोन किंवा तीन खेळांसाठी नाव द्यावे, कारण संघ बांधताना जागा खेळानुसार भरल्या जातात.

प्रवास आणि स्पर्धेचे दिवस

विमान कंपनीला खुर्चीचे वजन, मापे आणि बॅटरीचा प्रकार लेखी कळवावा. जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. औषधे, कृत्रिम अवयवाची अस्तरे, नळ्या आणि डॉक्टरांचे पत्र कधीही मोठ्या बॅगेत टाकू नयेत. तीव्र वेदनाशामके नेण्याबाबत यजमान देशाचा कायदा आधी तपासावा. लांबच्या विमानप्रवासात उरलेला पाय सुजतो, म्हणून कृत्रिम पाय काढून ठेवायचा असेल तर दाब देणारा मोजा घालावा.

स्पर्धेच्या आठवड्यात नवे काही करून पाहू नये : नवे बूट नाहीत, नवे अस्तर नाही, नवे पूरक औषध नाही. सर्व सामने पाहण्याच्या मोहात झोप बुडते, तीही सांभाळावी. मात्र आपली शर्यत संपल्यावर दुसऱ्या देशाच्या खेळाडूंशी बोलण्यासाठी वेळ जरूर काढावा. आपल्यासारखीच इजा असलेला माणूस घर, नोकरी आणि वेदना कशा सांभाळतो, हे तिथे जितके मोकळेपणी कळते तितके रुग्णालयात कळत नाही.

परतल्यानंतरचे आठवडे

वर्षभर ज्या तारखेसाठी धडपडलो ती उलटून गेल्यावर अनेकांना एक पोकळी जाणवते, आणि मानसिक आघातातून जात असलेल्यांना ती जास्त खोल वाटू शकते. हे अपेक्षित धरूनच निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात : परतल्यावर पहिल्या पंधरवड्यात डॉक्टर किंवा समुपदेशकाची भेट, महिन्याच्या आत संघमित्रांशी एक ठरलेली भेट किंवा फोन, आणि क्लबमधल्या पुढच्या सरावाची तारीख. घरच्यांनाही या तारखा माहीत असाव्यात.

निवड न झालेल्यांनी हेच वेळापत्रक पाळावे. निवड समितीकडून कारणे लेखी मागावीत आणि ती प्रशिक्षकासोबत वाचावीत. राष्ट्रीय पातळीवरच्या दिव्यांग क्रीडा संघटनांचे सामने वर्षभर चालू असतात, त्यांत नाव नोंदवावे. शिवाय बैठे व्हॉलीबॉल, रोइंग किंवा तिरंदाजी चालवणाऱ्या क्लबांना नव्याने आलेल्या जखमी सैनिकासोबत पहिले काही तास बसणारा माणूस नेहमीच हवा असतो. साहाय्यक प्रशिक्षकाचा प्राथमिक अभ्यासक्रम कुठे आणि कधी आहे, याची चौकशी त्याच क्लबात करता येते.